दाढेचा आणि लिव्हरचा काय संबंध?



माझ्या हातून एकदा एक मोठी चूक होता होता राहिली. ती राहिली ती माझ्या हुशारीमुळे नव्हे, तर तिसरीतल्या आठ वर्षांच्या एका मुलीमुळे. एरवी तुमच्या वह्यांत लाल रेघा मारायचं काम आमचं. आज मी माझ्याच चुकीखाली लाल रेघ मारणार आहे.

या मुलीला आपण मैना म्हणू. ‘बाई, लिहा, पण माझं खरं नाव नको,’ असं तिनं मला बजावून ठेवलं आहे.

मैना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत माझ्या वर्गात आली. उंचीने पहिलीतल्या मुलांएवढी. गाल बाहुलीसारखे गोबरे, हातपाय बारीक आणि पोट मात्र पुढे आलेले. मुलं कशी असतात तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘ढोली’ म्हणालं. मैना रडली नाही. ‘ते पोट नाहीये, माझं लिव्हर मोठं आहे,’ असं शांतपणे म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. आता लिव्हर म्हणजे काय हे त्या पोराला कुठलं माहीत! त्याला वाटलं, काहीतरी भारी वस्तू असावी. तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. पिशवीतून एक डबा, एक मापाचा चमचा आणि पाण्याची बाटली काढली. डब्यात पांढरी पूड होती. ‘बाई, दीडच्या सुट्टीत एवढी पूड गार पाण्यात ढवळून तिला द्यायची. गरम पाण्यात नाही, शिजवायची नाही आणि विसरायची नाही.’ मी बोटावर घेऊन पाहिली. तुमच्या घरी सूप दाट करायला वापरतात ना, तेच कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं पीठ! मला नवल वाटलं. औषध म्हणून कच्चं पीठ?

आईनं एक कार्डही दिलं. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाचं. वर आजाराचं लांबलचक नाव, खाली बारीक अक्षरात सूचना आणि फोन नंबर. मी ते वाचलं. खरं सांगू? पहिल्या चार ओळीच वाचल्या. मग कपाटात नीट ठेवून दिलं. फार नीट!

आता हा आजार काय, ते सांगते. पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

आपण जेवतो, त्यातल्या भातपोळीची शेवटी साखर होते. त्या साखरेचं नाव ग्लुकोज. मेंदूला ती रात्रंदिवस लागते. पण आपण काही रात्रंदिवस खात नाही. मग झोपेत कसं भागतं? तर आपलं यकृत, म्हणजेच लिव्हर, जेवणानंतर जादा ग्लुकोज साठवून ठेवतं. शेतकऱ्याच्या घरची कणगीच समजा. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. पोट रिकामं झालं की यकृत कणगी उघडून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं.

मात्र कणगीतल्या ग्लुकोजच्या प्रत्येक कणाला फॉस्फेटचं एक कुलूप लावलेलं असतं. ते निघाल्याशिवाय कण यकृताबाहेर पडू शकत नाही. ते कुलूप काढणारी किल्ली म्हणजे एक विकर, त्याचं नाव ग्लुकोज-6-फॉस्फेटेज. मैनाच्या शरीरात ही किल्लीच नाही! कणगी भरते, भरतच जाते, म्हणून लिव्हर मोठं. आणि घरात धान्य असूनही उपासमार. जेवण होऊन तीन-चार तास झाले की रक्तातली साखर घसरू लागते. घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, फार घसरली तर झटके येतात, शुद्ध हरपते.

म्हणून ते कच्चं कॉर्नफ्लोअर. ते पोटात अगदी सावकाश पचतं आणि तासन्‌तास थोडी थोडी साखर देत राहतं. शिजवलं तर पटकन पचून जातं, मग उपयोग संपला. 1984 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही युक्ती जगापुढे मांडली. त्याआधी अशा मुलांना रात्रभर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागायचं. एका साध्या पिठानं केवढं काम केलं पाहा!

या आजाराचं वर्णन 1929 मध्ये एडगर फॉन गिर्के या जर्मन डॉक्टरांनी केलं. किल्ली कुठली हरवली आहे, हे मात्र 1952 मध्ये कळलं. ते शोधलं गर्टी कोरी आणि त्यांचे पती कार्ल कोरी यांनी. गर्टी प्राग शहरात जन्मल्या आणि पुढे अमेरिकेत काम करू लागल्या. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री, साल 1947. सामान्यज्ञानाच्या वहीत लिहून ठेवा. शिष्यवृत्तीला येवो न येवो.

आणि हो, हा आजार एका बाकावर बसून किंवा एका ताटात जेवून होत नाही. आई आणि बाबा या दोघांकडूनही बिघडलेला गुण आला तरच होतो. त्या दोघांना स्वतःला काहीच होत नाही, त्यांच्याकडे एकेक चांगली प्रत असते. मैनाचा धाकटा भाऊ अगदी धडधाकट आहे.

एक गोष्ट मुलांना फार चमत्कारिक वाटायची. मैनाच्या रक्तात साखर कमी पडते, तरी तिला साखर खायची बंदी! वाढदिवसाची चॉकलेटं, पेढा, आंबा, काही नाही. दूधही बेतानंच. कारण आपल्या साखरेत निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज. हे फ्रुक्टोज यकृतात जातं आणि त्याच बंद दाराशी अडकून पडतं. तिच्या दप्तरात ग्लुकोज पावडरचा पुडा मात्र कायम असे, अडीअडचणीला.

आता माझ्या चुकीकडे येते.

2022 सालच्या डिसेंबरात शाळेत दंत तपासणी शिबिर होतं. झेंड्याच्या कट्ट्याजवळ फिरत्या दवाखान्याची गाडी उभी राहिली. आत पाय पसरून बसायची ती खुर्ची, वर दिवा. मुलं दाराशी मधमाश्यांसारखी लोंबकळत होती. डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. सुरुवातीलाच त्यांनी मला विचारलं, ‘बाई, कुणाला काही आजार? हृदयाचा, रक्ताचा, फिट्स वगैरे?’

मी म्हणाले, ‘छे हो, सगळी ठणठणीत आहेत.’

पाहिलंत? रोज दीड वाजता माझ्या हातानं मी मैनाला कॉर्नफ्लोअर ढवळून देत होते. तरी मला ती आठवली नाही. खरं म्हणजे आठवली असती तरी मी बोलले नसते. लिव्हर पोटात, दाढ तोंडात. एकमेकांचा संबंध काय?

मैनाचा नंबर आला. खालच्या दोन दुधाच्या दाढा आणि वरची एक किडलेली. त्यातल्या एकीच्या हिरडीवर पुळी आलेली, आत पू. डॉक्टर म्हणाले, ‘ही आत्ताच काढून टाकू. इंजेक्शन देतो, दोन मिनिटांचं काम. पालकांची संमती आहे ना?’ होती. फॉर्मवर ‘तपासणी व आवश्यक उपचार’ असं छापलेलं होतं आणि खाली मैनाच्या आजीचा अंगठा होता. आई-बाबा कामाला गेले असताना फॉर्म घरी पोहोचला होता.

मैना खुर्चीतून म्हणाली, ‘बाई, माझं कार्ड.’

मी म्हणाले, ‘अगं, ते पोटाचं. हे दाताचं आहे. घाबरू नकोस, मी हात धरते तुझा.’

‘मी घाबरत नाहीये. कार्ड वाचायचं.’

‘मैना, मागे रांग लागलीय बघ. आ कर पाहू.’

तिनं ओठ घट्ट मिटले. मग दातांवर दात धरून म्हणाली, ‘कार्ड वाचल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.’

मला राग आला. कारण सगळा वर्ग बघत होता. तिसरीतली पोर बाईंचं ऐकत नाही म्हणजे काय! मी तिला दटावणारच होते. पण डॉक्टरच हसून म्हणाले, ‘असू दे. आण बाळ तुझं कार्ड.’ मैना खुर्चीवरून उडी मारून पळाली. कपाटातलं कार्ड लागलंच नाही. तिच्या कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली, दुसरी प्रत घडी घालून ठेवलेली होती.

डॉक्टरांनी ते वाचलं. माझ्यासारखं चार ओळी नाही, शेवटपर्यंत. वाचता वाचता त्यांचं हसू मावळलं. हातातलं इंजेक्शन त्यांनी ट्रेमध्ये ठेवून दिलं.

‘बाई, मी सुरुवातीलाच विचारलं होतं.’

एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. या आजारात रक्तातल्या प्लेटलेट्स संख्येनं पुरेशा असतात, पण कामात ढिल्या पडतात. डेंग्यूच्या साथीत ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतात ना, त्याच या प्लेटलेट्स. जखम झाली की एकमेकींना चिकटून भोक बुजवणाऱ्या. मैनाच्या प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत. तिच्या नाकातून अधूनमधून रक्त यायचं, ते मी उन्हाळ लागल्यामुळे समजत होते! दाढ उपटली असती तर खड्ड्यातून रक्त वाहत राहिलं असतं आणि तालुक्याचं गाव आमच्यापासून अठरा किलोमीटर. शिवाय तोंड दुखतंय म्हणून मैना काही खाल्ली-प्यायली नसती, तर रात्री साखर कोसळली असती.

‘मग राहू द्या ती दाढ,’ मी घाईनं म्हणाले.

‘राहूनही चालणार नाही. पू वाढला, ताप आला, खाणं सुटलं, की तीच अडचण. काढायला हवी, पण योग्य जागी.’ त्यांनी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. पू वाढू नये म्हणून औषध लिहून दिलं. गोड सिरप नाही, गोळ्या. लहान मुलांच्या सिरपमध्ये साखर असते, हे तरी माझ्या कुठे लक्षात होतं!

जानेवारीत मैनाला पुण्याला दाखल केलं. सोमवारी दाखल, बुधवारी ऑपरेशन. एका दाढेसाठी एवढा खटाटोप का, असं तिच्या आजीनं विचारलंच. कारण असं, की एक-दोन दिवस साखर अजिबात खाली जाऊ दिली नाही, तर त्या ढिल्या प्लेटलेट्स पुन्हा बऱ्यापैकी कामाला लागतात. म्हणजे रक्त थांबवण्याची तयारी दाढेपासून नाही, साखरेपासून करायची! तिन्ही दाढा एकदमच, पूर्ण भूल देऊन काढायच्या, म्हणजे तीनदा हा सगळा प्रकार नको, असं डॉक्टरांनी ठरवलं.

मी दोन दिवसांची रजा काढून गेले. मैनाच्या आईनं बोलावलं नव्हतं. मला राहवेना म्हणून गेले.

भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, हे तुमच्यातल्या टॉन्सिलवाल्यांना ठाऊक असेल. आणि मैनाचं पोट तर रिकामं ठेवायचं नाही! यावर उपाय एकच, हातातल्या शिरेतून थेट ग्लुकोज. मंगळवारी रात्री कॉर्नफ्लोअर बंद झालं आणि सगळी भिस्त त्या सलाईनच्या बाटलीवर आली. नर्सताई दर तासाला बोट टोचून साखर मोजत आणि कागदावर आकडा लिहीत. खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात पाटी लावली होती: ‘रिंगर लॅक्टेट देऊ नये.’ हे नेहमीचंच एक सलाईन आहे, एरवी सर्रास देतात. पण त्यात लॅक्टेट असतं, आणि अडकलेल्या साखरेमुळे मैनाच्या रक्तात ते आधीच जास्त असतं.

पहाटे तीनच्या सुमाराला माझा डोळा लागला होता. मैनाच्या आईनं मला हलवलं. ‘बाई, हिचा हात बघा.’ सुईच्या जागी हात टम्म फुगला होता. सुई शिरेतून निसटली होती आणि ग्लुकोज रक्तात न जाता कातडीखाली साठत होतं. मैनाच्या कपाळाला हात लावला तर गार घाम.

आई धावत गेली. नर्सताईंनी येऊन आधी बोट टोचलं. दोन वाजता 104 होती ती साखर 58 वर आली होती. दुसऱ्या हाताची शीर लवकर सापडेना. त्या म्हणाल्या, ‘कुणीतरी हात घट्ट धरा आणि उजेड दाखवा.’ मी एका हातानं मैनाचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी. माझाच हात थरथरत होता. गाडीतही मी हिला ‘हात धरते’ म्हणाले होते, ते आठवलं आणि घसा दाटून आला.

दुसऱ्यांदा टोचल्यावर शीर लागली. ग्लुकोज सुरू झालं. थोड्या वेळानं मैनानं डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाई, तुम्ही झोपला नाहीत? सकाळी शाळा आहे ना?’

सकाळी तिचा नंबर पहिला लावला होता. अशा मुलांना पहिला नंबर देतात, ताटकळत ठेवत नाहीत. पण नेमका अपघातात जबडा मोडलेला एक मुलगा आला आणि मैनाचं ऑपरेशन दोन तास लांबलं. ते दोन तास तिची आई बाटलीतल्या थेंबांकडे बघत होती. बोलत नव्हती, फक्त मोजत होती.

ऑपरेशनचं मात्र फार सांगण्यासारखं काही नाही. अर्धा-पाऊण तासात झालं. प्रत्येक खड्ड्यात रक्त धरून ठेवणारा स्पंजाचा बारीक तुकडा बसवला, वरून टाके घातले आणि कापसाच्या घड्या दाताखाली धरायला दिल्या. संध्याकाळी एका जागेतून जरा रक्त झिरपलं. तेव्हा रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेली घडी दाबून धरली आणि ते थांबलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तेवढं दिलं. ऍस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही, कारण त्या गोळ्यांनी प्लेटलेट्स आणखीच आळशी होतात.

दात काढलेल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाला आइस्क्रीम मिळालं. मैनाला मिळालं गारेगार कॉर्नफ्लोअर. तेही स्ट्रॉ न लावता, कारण ओढून पिताना खड्ड्यातली खपली निघू शकते. तिनं पेला रिकामा केला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, ‘व्हॅनिला.’ तिची आई दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. त्यानंतरही बाटली एकदम काढली नाही, हळूहळू कमी करत नेली, एकाएकी बंद केली तर साखर पुन्हा घसरते.

निघताना दातांच्या डॉक्टर मैनाच्या आईला म्हणाल्या, ‘रात्री दोनला उठून कॉर्नफ्लोअर देता, त्यानंतर चूळ भरायला लावता का?’ आई गप्प. अर्धवट झोपेतल्या लेकराला पाजणं हेच केवढं काम, वर चूळ कुठली! पण ते पीठ रात्रभर दातांवर बसून राहत होतं आणि कीड लागायला तेवढं पुरे होतं. ‘चूळ जमली नाही तर ओल्या फडक्यानं दात पुसून काढा,’ डॉक्टर म्हणाल्या. जी पूड तिला जगवते, तिनंच दाढा खाल्ल्या होत्या. आईला ते फार लागलं. बसमध्ये साताऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

मैना आठवड्यानं शाळेत आली. काड्यापेटीत कापूस, कापसात तीन दाढा. मधल्या सुट्टीत मोठी सभा भरली. दुधाचा दात कौलावर टाकायचा असतो, पण आमच्या शाळेवर स्लॅब आहे. मग काय करायचं? शेवटी सगळा वर्ग तिला घेऊन मारुतीच्या देवळामागच्या जुन्या वाड्याकडे गेला. दोन दाढा कौलावर गेल्या. तिसरी मैनानं ठेवून घेतली. का, तर ‘ही पुवाली आहे, उंदराला बाधेल.’

माझ्या कपाटातलं कार्ड मी हजेरीपटाच्या पहिल्या पानावर चिकटवलं. त्याखाली ते मी पूर्ण वाचल्याची तारीख टाकून सही केली. मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘सही कशाला?’ मी म्हणाले, ‘असू द्या सर.’

पुढच्या वर्षी दातांची गाडी पुन्हा आली. तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, ‘बाई, कुणाला काही आजार?’ मी हजेरीपट उघडायच्या आत मागून अख्खा वर्ग ओरडला, ‘मैनाचं कार्ड वाचा!’ आणि ज्यानं पहिल्या दिवशी तिला ढोली म्हटलं होतं, तो पोरगा पुढे येऊन डॉक्टरांना म्हणाला, ‘आणि सर, दीड वाजायला आलाय. आधी तिला कॉर्नफ्लोअर पिऊ द्या.’